माशीचे घर आणि आपला हात



आज आपण मधमाशीच्या पेटीबद्दल बोलू. मध गोड असतो, औषधाला लागतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. मी बोलणार आहे झाडझुडीबद्दल. खरवडणे, धुणे, वाळवणे, तेल लावणे. काम साधे आहे. त्याला फार पैसा लागत नाही. पण ज्याने हे काम वेळेवर केले त्याची पेटी भरलेली राहते. ज्याने टाळले त्याची पेटी एक दिवस रिकामी होते.

रिकाम्या पेट्या तुम्ही पाहिल्या असतील. कोणाच्या परसात, कोणाच्या गोठ्यामागे एखादी मधपेटी पडलेली असते. तिच्यात कोंबडी अंडी घालते. मालकाला विचारावे तर तो म्हणतो, "काय सांगू भाऊ, माशी राहिलीच नाही. उडून गेली." माशी चंचल आहे, तिला जंगलच बरे वाटते, असे म्हणून तो मोकळा होतो.

पण माशी उगीच घर सोडत नाही, बरं का! ज्या घरात तिची पिले आहेत, साठवलेले अन्न आहे, ते घर कोण सहज सोडील? घरात अळी पडली, मुंग्या शिरल्या, ऊन सोसेना, खायला उरले नाही, की ती जाते. यातल्या बहुतेक गोष्टी आपल्या हातच्या आहेत.

पेटी आपल्याकडे कशी आली

आपला यवतमाळ जिल्हा कापसाचा आणि सागाचा. इथले कोलाम आणि गोंड बांधव पूर्वीपासून जंगलातला मध काढतात. तो बहुतेक आग्या माशीचा. आग्या माशी मोठी असते. उंच झाडावर किंवा कड्याला उघड्यावर एकच मोठे पोळे बांधते. ती पेटीत राहत नाही. लहान फुलोरी माशीही झुडपात उघड्यावरच राहते. पेटीत राहते ती सातेरी माशी. ती मुळात झाडाच्या ढोलीत, वारुळात, भिंतीच्या पोकळीत अंधारात राहणारी. दुसरी पेटीतली माशी म्हणजे परदेशातून आणलेली मेलिफेरा. तिला आपण इटालियन माशी म्हणतो.

आपल्या शेजारी वर्ध्याला मगनवाडी आहे. १९३४ साली गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला. त्याचे काम कुमारप्पांनी मगनवाडीतून चालवले. खेड्यातल्या इतर धंद्यांबरोबर मधमाशी पाळण्याचे कामही तिथे शिकवले जाई. पुढे महाबळेश्वरला या धंद्याने मूळ धरले. १९६२ साली पुण्याला मधमाशीच्या संशोधनाची आणि शिक्षणाची मोठी संस्था निघाली. आज राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाची मध केंद्र योजना आहे. तिच्यात पेट्या आणि साहित्य घ्यायला निम्मे अनुदान मिळते. निम्मी रक्कम आपण घालायची.

म्हणजे पेटी मिळणे आता फार अवघड राहिलेले नाही. मिळालेली पेटी नांदती ठेवणे, हे खरे काम आहे.

माशी स्वच्छ असते, मग घाण येते कुठून?

एखादी बाई विचारील, "भाऊ, माशी तर स्वतःच इतकी नेटकी. तिचे घर आपण काय झाडायचे?"

प्रश्न बरोबर आहे. मधमाशीसारखी नेटकी दुसरी जात सापडणे कठीण. नवी कामकरी माशी जन्मली की तिचे पहिले काम कोणते? ज्या खोलीतून ती बाहेर आली तसल्या खोल्या पुसून काढणे. राणी आधी खोलीत डोके घालून पाहते, मग अंडे घालते. मेलेले पिलू माश्या ओढून बाहेर टाकतात. निरोगी माश्या घरात विष्ठासुद्धा करत नाहीत.

पण ढोलीत राहणारी माशी आणि पेटीतली माशी यांत एक फरक आहे. ढोली एकटी असते. तिथे माणसाचा हात जात नाही. आपण मात्र दहा पेट्या एका ओळीत ठेवतो. एकाच पटाशीने दहाही उघडतो. एका पेटीतली चौकट दुसरीत घालतो. एकाच यंत्रात सगळ्यांचा मध काढतो. मग एका घरचे दुखणे दहा घरी जाते. ते माशी नेत नाही, आपला हात नेतो.

दक्षिणेत काय झाले ते ऐका. १९९१-९२ च्या सुमारास केरळ, तमिळनाडू, कर्नाटक या भागांत सातेरी माशीला थैलीचा रोग झाला. हा विषाणूचा रोग आहे. पिलू खोलीत ताणून मरते. त्याची कातडी पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होते. म्हणून नाव पडले थैलीचा रोग. एकामागून एक फार मोठ्या संख्येने पेट्या रिकाम्या झाल्या. मधावर घर चालवणाऱ्या माणसांचा धंदा बसला. या रोगावर खात्रीचे औषध नाही. राणी बदलणे, बळकट वसाहती जपणे, आणि रोगट घराची वस्तू निरोगी घरात न नेणे, एवढेच उपाय.

म्हणून पहिला नियम ध्यानात ठेवा: आधी निरोगी पेट्या उघडा, आजारी पेटी सर्वांत शेवटी. आणि दोन पेट्यांच्या मध्ये हात आणि पटाशी धुवा.

पेन्सिलीएवढी वाट

पेटीची रचना थोडी समजून घेऊ. खाली तळपाट. त्यावर पिलांची कोठी. त्यावर मधाची कोठी. वर झाकण. कोठीत लाकडी चौकटी टांगलेल्या असतात. माश्या त्या चौकटींत पोळे बांधतात.

दोन चौकटींच्या मध्ये आणि चौकट व भिंत यांच्या मध्ये थोडी वाट सोडलेली असते. अमेरिकेत लँगस्ट्रॉथ नावाचा एक पाद्री होता. त्याने १८५१ साली या वाटेचे महत्त्व ओळखले. वाट नेमकी असली तर माशी ती मोकळी ठेवते. वाट रुंद झाली तर तिथे जादा पोळे बांधते. अरुंद झाली तर बुजवून टाकते. आपल्या सातेरी माशीला ही वाट साधारण आठ मिलिमीटर लागते. म्हणजे तुमची शिसपेन्सिल जाईल एवढी.

आता बघा. चौकटीच्या कानावर मेण साचले. ते आपण खरवडले नाही. चौकट वाकडी बसली. पेन्सिलीची वाट कुठे रुंद झाली, कुठे अरुंद. माशीने दोन चौकटी मेणाने जोडून टाकल्या. पुढच्या वेळी आपण चौकट ओढतो तेव्हा पोळे फाटते. मध सांडतो, पिले चिरडतात, एखाद्या वेळी राणीच मरते. चिमूटभर मेण खरवडायचा आळस केला आणि सगळे घर गेले.

इटालियन माशी झाडाचा चीक आणून फटी बुजवते. सातेरी तो चीक वापरत नाही. पण मेणाचे तुकडे दोघींच्याही पेटीत साचतात. म्हणून दर खेपेला चौकटीचे कान, कोठीची कड आणि झाकणाची आतली बाजू पटाशीने खरवडा. खरवडलेले मेण जमिनीवर टाकू नका. डब्यात ठेवा. जमिनीवर पडलेले मेण मुंग्यांना आणि मेणकिड्याला आमंत्रण देते.

आठवड्याचे काम

हे काम एका पेटीला दहा मिनिटांचे आहे. सकाळी ऊन तापायच्या आत करावे.

पहिले, तळपाट झाडा. माशीच्या घराचा सगळा कचरा तळपाटावर पडतो. मेणाचा चुरा, मेलेल्या माश्या, परागाचे कण. त्या कचऱ्यात मेणकिडा अंडी घालतो. तळपाट काढा, खरवडा, झाडा आणि परत लावा. जमले तर एक जादा तळपाट ठेवा. स्वच्छ लावायचा आणि मळका उन्हात टाकायचा.

दुसरे, घोडीच्या पायाखालच्या वाट्या पाहा. मुंग्या चढू नयेत म्हणून पेटीच्या घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवतात. त्या वाट्या कोरड्या पडल्या तर मुंग्या रातोरात चढतात. पाणी तसेच राहिले तर डास होतात. म्हणून आठवड्याला पाणी बदला. पेटीला टेकलेले गवत कापा. गवताची एक काडी टेकली तरी मुंगीला पूल मिळतो.

तिसरे, माशीचे पिण्याचे पाणी. उथळ परळात खडे घालून पाणी ठेवा. माशी खड्यावर बसून पिते, बुडत नाही. हे पाणी रोज बदला.

वर्षातून दोनदा मोठी झाडलोट

आपल्याकडे माशीचा सुगीचा काळ आणि उपासाचा काळ वेगळे असतात. फाल्गुन-चैत्रात पळस आणि मोह फुलतो. पावसाळा सरता कपाशी आणि तीळ, मग तुरीचा फुलोरा. भर वैशाखात फुले कमी होतात. पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो. आषाढ-श्रावणात झड लागली की माशीला बाहेरच पडता येत नाही. तेव्हा घरात माश्या कमी होतात. पोळी मात्र तितकीच राहतात. जी पोळी माश्यांनी झाकलेली नाहीत त्यांची राखण कोण करणार? तिथेच मेणकिडा शिरतो.

म्हणून पहिली मोठी झाडलोट मृगाच्या आधी करा. रिकामी मधकोठी उतरवून घ्या. माश्या न बसणारी जादा पोळी काढून घ्या. घर लहान करा. लहान घर माशी नीट राखते. दुसरी झाडलोट दसऱ्याच्या सुमारास करा. फुलोरा येतो, घर वाढवायचे असते. तेव्हा स्वच्छ कोठ्या तयार हव्यात.

रिकामी पेटी कशी साफ करावी

काम पायरीपायरीने करा.

एक. सगळी पेटी सोडवा. मेण, चिकटा, किड्यांची जाळी पटाशीने खरवडून काढा. कोपरे विसरू नका. अळी लाकूड कोरून कोपऱ्यातच कोष करते.

दोन. धुण्याच्या सोड्याचे पाणी करा. पाच लिटर गरम पाण्यात एक किलो सोडा. हा कपडे धुण्याचा सोडा, भजीत घालतो तो नव्हे. हाताला रबरी मोजे घाला. हे पाणी जर्मनच्या भांड्यात करू नका. सोडा ते भांडे खातो. लोखंडी किंवा प्लास्टिकची बादली घ्या. काथ्याने घासा. मग साध्या पाण्याने दोनदा धुऊन टाका.

तीन. कडक उन्हात पूर्ण वाळवा. आपल्याकडच्या उन्हाला तोड नाही. त्याचा उपयोग करून घ्या. पण एक ध्यानात ठेवा. उन्हात ठेवायचे ते रिकामे लाकूड. पोळे लावलेली चौकट उन्हात ठेवली तर मेण मऊ होऊन गळून पडेल.

चार. पेटीत रोग किंवा मेणकिडा झाला असेल तर आतली बाजू शेकून काढा. गावात कल्हईवाला किंवा नळवाला असेल तर त्याच्या दिव्याची ज्योत आतून फिरवा. लाकडाचा रंग चहासारखा झाला की पुरे. जाळू नका. हे काम मोकळ्या जागी करा. जवळ पऱ्हाटीची गंजी, कडबा, झोपडी असू नये. पाण्याची बादली हाताशी ठेवा.

पाच. फटी बुजवा, खिळे ठोका. मग बाहेरून तेल लावा. आपल्या विदर्भात जवस पिकतो. त्याच जवसाचे पक्के तेल, सुतार ज्याला बेलतेल म्हणतात, ते बाहेरून दोन हात लावावे. रंग लावलात तरी बाहेरूनच लावा. आतून काहीही लावायचे नाही. वास पूर्ण गेल्याशिवाय माश्या घालू नका.

जुने पोळे, मेणकिडा आणि मेण

नवे पोळे पांढरे असते. प्रत्येक पिलू खोलीत कोषाचे पातळ अस्तर सोडून जाते. अस्तरावर अस्तर चढते. पोळे काळे होते, खोली लहान होते. मेणकिड्याला असले काळे पोळेच आवडते, कारण त्याला नुसते मेण पुरत नाही. त्यातले अस्तर आणि पराग त्याला हवे असतात. म्हणून दर वर्षी थोडी काळी पोळी काढून टाका. दोन-तीन वर्षांत सगळी पोळी नवी झाली पाहिजेत.

काढलेली पोळी गोणीत भरून घरात ठेवू नका. महिन्याभरात गोणी उघडाल तर आत नुसती जाळी आणि अळ्या दिसतील. ताबडतोब वितळवा. मेण साधारण ६३ अंशांना वितळते. ते कधीही थेट चुलीवर ठेवू नये, भडका उडतो. मोठ्या भांड्यात पाणी ठेवा. त्यात लहान भांडे ठेवून त्यात मेण वितळवा आणि फडक्यातून गाळा. लोखंडी भांड्यात मेण काळे पडते, म्हणून स्टीलचे भांडे घ्या. वैशाखातल्या उन्हात वरून काच लावलेल्या पेटीत पत्र्याच्या ताटावरही मेण आपोआप वितळते. त्याला सरपण लागत नाही. हे मेण विकले जाते. त्याचे नवे मेणपत्रेही होतात.

चांगली पांढरी पोळी मात्र पुढच्या हंगामासाठी ठेवावी. तयार पोळे मिळाले तर माशीचे कष्ट वाचतात. ती ठेवायची तर गंधकाची धुरी द्या. कोठ्या एकावर एक रचा. सर्वांत वर एक रिकामी कोठी ठेवा. तिच्यात विटेवर मातीचा परळ, परळात निखारे आणि त्यावर थोडे गंधक. वरून झाकण लावा आणि फटी मातीने लिंपा. गंधकाचा धूर जड असतो, तो खाली उतरतो. हे घराबाहेर करा. तो धूर छातीत घेऊ नका. पोरांना दूर ठेवा. या धुराने अळी मरते, पण अंडी मरत नाहीत. म्हणून पंधरा दिवसांनी पुन्हा धुरी द्या. माश्या असलेल्या पेटीला किंवा मध भरलेल्या पोळ्याला ही धुरी कधीही द्यायची नाही.

कपड्यांत घालतो त्या डांबराच्या गोळ्याही पोळ्यात ठेवू नका. त्यांचा अंश मेणात उतरतो आणि मेणातून मधात जातो.

हातातली अवजारे

पटाशी पेटीगणिक सोड्याच्या पाण्यात बुडवा, साध्या पाण्याने धुवा, पुसा. संध्याकाळी कोरडी करून खायच्या तेलाचा हात द्या. गंजणार नाही.

धूर करायचे भांडे, म्हणजे धुराडे, आतून काळ्या चिकट थराने भरते. तो थर नळीत साचला की धूर नीट येत नाही, ठिणग्या मात्र येतात. महिन्यातून एकदा खरवडा. भात्याचे चामडे फाटले का पाहा. जळणाला वाळलेली गोवरी किंवा नारळाचा काथ्या वापरा. पऱ्हाटी वापरू नका, तिच्यावर औषधाचे फवारे झालेले असतात. खताची किंवा औषधाची गोणीही जाळू नका. काम झाल्यावर धुराड्यातली राख पाणी घालून विझवा. उन्हाळ्यात आपले सागाचे जंगल वाळलेल्या पानांनी भरलेले असते. एका ठिणगीने डोंगर पेटतो.

तोंडावरची जाळी आणि हातमोजे साबणाने धुवा. माशी डंख मारते तेव्हा एक वास सोडते. पिकल्या केळ्यासारखा असतो तो. त्या वासाने दुसऱ्या माश्या चिडतात. न धुतलेल्या मोज्यावर तो वास राहतो. मग आपण म्हणतो, आज माश्या का बरे चावऱ्या झाल्या!

मध काढायचे यंत्र

मध आंबट गुणाचा असतो. जिभेला गोड लागला तरी तो धातूला खातो. लोखंड, तांबे, जस्ताचा पत्रा यांचा अंश मधात उतरतो. म्हणून यंत्र आणि भांडी स्टीलची असावीत. बरणी काचेची किंवा खाण्याच्या वस्तूंसाठी केलेल्या प्लास्टिकची घ्यावी.

मध काढून झाला की यंत्र त्याच दिवशी धुवा. आधी गार पाणी घाला. गरम पाणी आधी ओतले तर मेणाचे कण वितळून जाळीला चिकटतात. मध आणि मेण निघून गेले की मग कोमट पाण्याने धुवा. उन्हात वाळवा आणि फडक्याने झाकून ठेवा. चक्राला मोटारीचे ग्रीस लावू नका, ते ठिबकून मधात पडते. खायचे तेल लावा.

पुढच्या वेळी यंत्र वापरण्याआधी आत बोट फिरवून पाहा. ओल लागली तर थांबा, वाळू द्या. शंभर भाग मधात वीस भागांहून जास्त पाणी झाले की मध आंबायची भीती असते. ओल्या यंत्राने आणि ओल्या बरणीने चांगला मध बिघडतो. मग व्यापारी भाव पाडतो.

आणखी एक. मध लागलेले यंत्र, चौकटी "माश्या चाटून साफ करतील" म्हणून अंगणात ठेवू नका. सगळ्या पेट्यांच्या माश्या एका ठिकाणी तुटून पडतात. आपसात लुटालूट होते. एकीचा रोग दुसरीला लागतो.

फवारणीचा पंप आणि मधाचे भांडे

आता सर्वांत महत्त्वाचे सांगतो.

२०१७ चा पावसाळा तुम्ही विसरला नसाल. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली. वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो आजारी पडले. जे औषध धडधाकट माणसाला पाडते ते माशीला काय करील, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी त्यात मध, साखरेचा पाक किंवा माशीचे पाणी ठेवायचे नाही. फवारणीच्या बादलीत पेटी धुवायची नाही. फवारणीचे कपडे आणि माशीच्या कामाचे कपडे एका खुंटीला टांगायचे नाहीत. फवारणी केलेल्या दिवशी पेटी उघडायची नाही.

शेजारच्या वावरात फवारणी असेल तर आदल्या दिवशी निरोप द्या-घ्या. शक्य असेल तर फवारणी संध्याकाळी करा. तेव्हा माशी घरी आलेली असते. सकाळी पेटीसमोर मेलेल्या माश्यांचा सडा दिसला आणि त्यांची जीभ बाहेर आलेली असली तर ती विषबाधा समजा. तळपाट लगेच झाडा. त्या मेलेल्या माश्या खड्ड्यात पुरा. माशीला ताजे पाणी आणि पाक द्या.

लिहिता येते, तर लिहा

तुम्ही आता लिहायला-वाचायला शिकला आहात. त्याचा इथे मोठा उपयोग आहे. प्रत्येक पेटीवर रंगाने आकडा घाला. एक, दोन, तीन. एक वही करा. तळपाट कधी झाडला, पोळे कधी बदलले, कोणत्या पेटीत आजार दिसला, ते तारीख घालून लिहा. एका ओळीपुरते लिहा. महिना गेला की मागची पाने वाचा. तीन नंबरची पेटी दर खेपेला का मागे पडते, हे वही तुम्हाला सांगेल. मनात ठेवलेले विसरते. वहीत लिहिलेले राहते.

बचत गटाच्या बायांनी मध काढायचे एकच यंत्र घेतले तरी पाच-सहा घरांचे भागते. पण मग यंत्र कोणी धुतले, कोणी वाळवले, हेही वहीत लिहिले पाहिजे. नाहीतर सगळ्यांचे यंत्र म्हणजे कोणाचेच नाही, असे होते.

माशीला आपली भाषा कळत नाही. कोणत्या घरी आपली काळजी घेतात, हे मात्र तिला कळते. तिथे ती राहते.

लक्षात ठेवा

१. आठवड्याला तळपाट झाडा, वाट्यांतले पाणी बदला.
२. मृगाच्या आधी आणि दसऱ्याच्या सुमारास मोठी झाडलोट करा.
३. आजारी पेटी शेवटी उघडा. पेटीगणिक हात आणि पटाशी धुवा.
४. काळे पोळे साठवू नका, वितळवा.
५. यंत्र आधी गार पाण्याने धुवा. पूर्ण वाळल्याशिवाय वापरू नका.
६. औषधाचे भांडे माशीच्या जवळ नेऊ नका.
७. पेटीला आकडा घाला, वहीत तारीख लिहा.

उद्या सकाळी एक काम करा. घरी पेटी असेल तर तळपाट काढून पाहा. त्यावर काय काय पडले आहे ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पेटी रिकामी पडलेली असेल तर तिच्यातली कोंबडी उठवा आणि खरवडायला घ्या.

रामराम.